चष्मेवाल्याचे कान

भिंगकाकांच्या दुकानात गिऱ्हाईक आरशात आपलं नाक न्याहाळत असतं, तेव्हा भिंगकाका त्याचे कान बघत असतात. चष्मा नाकावर बसतो असं लोकांना वाटतं, पण तो टिकतो कानांवर, असं त्यांचं ठाम मत. माणसाचे दोन कान कधी एका पातळीत नसतात. कोणाचा उजवा जरा वर, कोणाचा डावा मागे सरकलेला. काका ते नुसत्या नजरेने ओळखतात, चष्म्याची काडी गरम वाळूच्या डब्यात खुपसून मऊ करतात, अंगठ्याने एवढीशी वाकवतात आणि चष्मा परत चढवून म्हणतात, "आता मान हलवा. नाही म्हणा." गिऱ्हाईक जोरजोरात मान हलवतं आणि चष्मा जागचा हलत नाही. धंद्यात याहून मोठं समाधान नाही, असं ते सांगतात.

गळ्यात कायम दोरीला बांधलेलं छोटं भिंग, म्हणून गल्लीने त्यांना भिंगकाका म्हणायला सुरुवात केली. रविवारी दुकान बंद असलं की त्याच गळ्यात दुर्बीण येते आणि खांद्याला कॅमेरा लटकतो. इतर चष्म्यांच्या दुकानांत नटनट्यांची चित्रं असतात. इथे भिंतीभर पक्षी, सगळे काकांनी स्वतः टिपलेले. नवा चष्मा दिला की ते गिऱ्हाइकाला दाराशी उभं करतात आणि आतल्या भिंतीवरच्या एखाद्या फोटोकडे बोट दाखवून विचारतात, चोचीत काय आहे? एका आजोबांनी सांगितलं, अळी आहे, आणि बिचारी अजून जिवंत आहे. काका इतके खूश झाले की त्यांना चष्म्याची मखमली डबी वरून दिली.

पण पक्ष्यांचे फोटो हे डोळ्यांचं काम आहे असं कोणी म्हटलं, तर मात्र त्यांना खपत नसे. आधी कान, मग डोळा, मग बोट, असा त्यांचा क्रम. रविवारच्या मंडळींना त्यांनी हेच शिकवलं होतं. ही मंडळी म्हणजे समोरच्या औषधांच्या दुकानातली केमिस्टबाई, एक दातांचे डॉक्टर आणि अशीच पाचसहा हौशी माणसं. पहाटे काकांच्या दुकानासमोर जमायचं आणि तळ्याकडे नाहीतर टेकडीकडे निघायचं. काका पुढे चालत. मध्येच हात वर करून थांबत आणि डोळे मिटून सांगत, "बांधाच्या पलीकडे, झुडपात खाली." मग सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळत आणि पक्षी तिथेच असे. केमिस्टबाई म्हणायची, काकांना पक्षी फोन करून कळवतात.

घरचे पक्षी वेगळे. दुकानाच्या मागेच काका आणि काकू राहतात. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर छोटं अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड आणि पलीकडे भिंत. या झाडावर चष्मेवाले येतात. हिरवट पिवळे, मुठीत मावतील एवढे पक्षी; डोळ्याभोवती पांढरं गोल कडं, म्हणून हे नाव. ते आले की काकू हाक मारतात, "अहो, तुमचे भाऊबंद आलेत." काका हातातलं काम टाकून येतात. कॅमेरा हलू नये म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर तांदळाची पिशवी ठेवायची आणि तिच्यावर कॅमेऱ्याची लांब नळी टेकवायची, ही त्यांची युक्ती. त्यामुळे काकूंना भात लावायचा झाला, की आधी वर बघावं लागे, भाऊबंद गेलेत की आहेत.

यंदा मात्र भाऊबंद येईनासे झाले. निदान काकांचं तसं म्हणणं होतं. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसावं, तर झाड मुकं. टेकडीवरही तेच. मोठे पक्षी होते, पारवे होते, कावळे तर होतेच. पण पूर्वी झुडपाझुडपांतून जी बारीक किलबिल चालायची, ती कुठे गेली कोण जाणे. काका अस्वस्थ झाले. टेकडीचं त्यांना सांगता येईना, पण अंगणाचं कारण त्यांनी शोधून काढलं. भिंतीपलीकडे एका सुताराने नवीन कारखाना थाटला होता आणि त्याचं कापायचं मशीन दिवसभर कोकलत असे.

"या आवाजाला कोण पाखरू टिकेल?" असं ते येईल त्याला ऐकवू लागले.

काकूंनी एकदा सांगून पाहिलं, की सकाळी होते हो झाडावर, चांगले दहाबारा असतील. त्यावर काका म्हणाले, तुला कावळा आणि चिमणी यांच्यापुढे कधी काही कळलंय का? काकू गप्प बसल्या. पक्ष्यांच्या बाबतीत यांचा शब्द शेवटचा, हे घरात ठरलेलं होतं. शिवाय त्यांना दुसरीच एक शंका येत होती. कपड्यांचं मशीन संपलं की टीं टीं करतं, ते काकांना अलीकडे ऐकू येत नसे. आधी काकूंनी फारसं मनावर घेतलं नाही. कपडे वाळत घालायची वेळ झाली हे सांगणारा आवाज पुरुषमाणसांना ऐकू येत नाही, असा त्यांचा सगळ्या संसारातला अनुभव. पण परवा लेकीने आणलेलं घड्याळ उशाशी वाजून वाजून थकलं, तरी हे ढिम्म. तेव्हा मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटलं.

त्यांनी बोलायच्या आधीच काकांनी बेत रचला. एका रविवारी टेकडीवरून येताना ते सगळ्या मंडळींना घरी घेऊन आले. मागच्या वर्षीचे फोटो काढून ठेवलेलेच होते. सुताराला निरोप पाठवून बोलावलं. तो भला माणूस मशीन बंद करून भुवयांवरचा भुसा पुसत आला आणि अंगणात एवढी माणसं बघून जरा बिचकला.

काका लिंबाकडे पाठ करून उभे राहिले. ते चिडले नव्हते. चुकीचा नंबर लावून वर्षानुवर्षं हिंडणाऱ्या गिऱ्हाइकाला समजवावं, तसं ते सुताराशी बोलले. धंदा सगळ्यांनाच आहे, पण सकाळचा एखादा तास तरी मशीन बंद ठेवता आलं तर बघा. फोटो दाखवून म्हणाले, हे सगळे याच झाडावरचे. ऐन याच वेळेला इथे नुसता गलका असायचा.

"आता तुम्हीच कान देऊन ऐका," काका म्हणाले. "आहे का काही?"

सगळी माणसं चिडीचूप झाली. केमिस्टबाईने मान खाली घातली. दातांचे डॉक्टर भिंतीवरच्या शेवाळाकडे फार लक्ष देऊन बघू लागले. काकू खिडकीत होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. कारण काकांच्या पाठीमागे, त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, चष्मेवाल्यांचा अख्खा थवा लिंबात उतरला होता आणि पानापानांतून त्यांची ची ची चालली होती.

सुताराला या मंडळींचे संकोच माहीत नव्हते. तो सरळ म्हणाला, "काका, असं काय करता? झाड भरलंय की. मागे बघा ना."

काका वळले. पानं हलत होती. हिरव्या पाठी इकडून तिकडे सरकत होत्या.  त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, जणू दोष त्याचा होता.

त्यानंतर जो तो फार गोड वागला, आणि तेच जास्त लागलं. डॉक्टरांनी हवेचा विषय काढला. कोणीतरी काकूंच्या चहाची तारीफ केली, तो अजून गाळलाही नव्हता. सुताराने हळूच विचारलं, मशीन चालू करू का नको? काका म्हणाले, करा, खुशाल करा. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माझंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी काकू भात लावायला गेल्या, तर तांदळाची पिशवी कपाटात, आपल्या जागी. कट्टा पुसून लख्ख. कॅमेरा कुठेतरी वर, उशांच्या खोळींमागे गेला होता. पुढच्या रविवारी काकांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्याही. गुडघा काही दुखत नव्हता, जिना ते पोरासारखे चढत होते. पण काकूंनी तिकडे कानाडोळा केला.

मंडळींची वर्षाची मोठी सहल तोंडावर आली होती. डोंगरावरच्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात, तिथल्या विश्रामगृहात राहायचं आणि दोन्ही वेळा भटकायचं. तिथे एक पक्षी असतो. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर सोन्याच्या जरीसारखी पट्टी. मंडळींनी त्याचं नाव सोनपट्टी ठेवलं होतं. झाडाच्या शेंड्याकडे सुयांसारख्या पानांत हा सतत भिरभिरत असतो, आणि त्याचा आवाज म्हणजे केसाएवढा बारीक. वर्षानुवर्षं काका तो आवाज ऐकून झाडाखाली उभे राहिले होते आणि वर्षानुवर्षं त्यांच्या फोटोत नुसती पानं आली होती, नाहीतर शेपटीचं टोक. बाकी कुठल्याही फोटोपेक्षा हा एक व्हावा, असं त्यांच्या मनात होतं. आता तो आवाजच गेला, तर कशाला जायचं? दुसऱ्यांनी बोट दाखवायचं आणि आपण म्हाताऱ्यासारखं, कुठे कुठे, करत मागून पळायचं?

त्यांनी केमिस्टबाईला बोलावून सांगितलं, की या वर्षी तूच सगळ्यांना ने, आणि माझा कॅमेराही तुझ्याकडेच ठेव. पडून राहिला तर बुरशी धरेल. ती कॅमेरा न घेता मागच्या दाराने काकूंकडे गेली आणि ओट्याशी उभी राहून रडली. काकूंनी तिला पाणी दिलं आणि लेकीला फोन लावला.

लेक आली. ती वडिलांशी कधी आडून बोलत नाही. तिने आठवण करून दिली, की शाळेत मला चष्मा लागला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही मला दुकानात स्टुलावर बसवून काय सांगितलं होतं? चष्मा म्हणजे हार नाही, चष्मा म्हणजे सोय. आजवर गावातल्या प्रत्येक रडणाऱ्या पोराला आणि रुसलेल्या आजीला तुम्ही हेच सांगत आलात.

"ते डोळ्यांचं झालं," काका म्हणाले.

"म्हणजे कान काय शेजाऱ्यांचे आहेत, बाबा?"

काका हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कानांच्या डॉक्टरकडे गेले. तपासणी झाली. बोलणं चालणं सगळं नीट ऐकू येतंय, फक्त वरचे, बारीक आवाज हळूहळू गेलेत, वयाने असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. यंत्राने बराच फरक पडेल. कानाचं माप घेतलं. घेताना काका डॉक्टरांना म्हणाले, माझा डावा कान जरा मागे आहे, तेवढं बघा. यंत्र तयार होऊन यायला मात्र वेळ लागणार होता, आणि तोवर सहल उरकून जाणार होती. सुंठेवाचून खोकला गेल्यासारखे काका घरी आले. आता न जायला कारण मिळालं होतं.

रात्री जेवताना काकूंनी पोळी वाढली आणि म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर."

काकांनी घास तसाच धरून ठेवला. लग्नानंतर एकदाच त्या पक्षी बघायला गेल्या होत्या आणि आल्यावर म्हणाल्या होत्या, हे म्हणजे रांगेत उभं राहायचं आणि पुढे खिडकीच नाही. त्यानंतर काकांनी कधी विचारलं नव्हतं.

"तुला एकाचं तरी नाव येतं का?"

"नावं तुम्हाला येतात ना? ऐकू मला येतं."

 ताटाकडे बघता बघता काकांना एक गोष्ट आठवली, जी इतकी समोर होती की त्यांनी कधी बघितलीच नव्हती. काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून परगावचे कॉल जोडून द्यायचे. तारेतल्या खरखरीतून त्या माणसाचा आवाज वेगळा काढत. नेहमीचे लोक तर त्यांना खाकरण्यावरून कळत. एवढे तयार कान घरात होते आणि काकांनी त्यांना आजवर, भाजी जळतेय का बघ, यापलीकडे कामाला लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली शिकवणी सुरू झाली, आणि कोण कोणाला शिकवतंय ते कळेना. काकू डोळे मिटून सांगत, "ओल्या फडक्याने काच पुसल्यासारखं." काका म्हणत, चष्मेवाले. "बाळाच्या खेळण्यातली हवा जातेय तसं." काका विचार करून म्हणत, शिंजीर असेल, पण ते शेवटी चुटकी वाजवल्यासारखं करतं का? काकू पुन्हा ऐकत आणि म्हणत, हो, करतं. दिशा सांगायची पद्धतही आपोआप एक्स्चेंजची झाली. लाइन लागली, डावीकडे. एंगेज आहे, दोघं बोलतायत. कट झाली. तांदळाची पिशवी परत कट्ट्यावर आली. काकूंनी न बोलता भातासाठी दुसरा डबा केला.

जंगलातली पहिली सकाळ मात्र धड गेली नाही. धुकं होतं, वाट निसरडी होती. केमिस्टबाई मंडळींना घेऊन पुढे गेली आणि ही दोघं मागे राहिली. काकूंनी मोठ्या उत्साहाने पहिली लाइन जोडून दिली, ती पुढे चाललेल्या दातांच्या डॉक्टरांच्या बॅगेच्या पट्ट्याची निघाली. दुसरी एका फांदीची, जी वाऱ्याने दुसरीवर घासत होती. तिसरी खरी होती, पण काकू डावीकडे म्हणाल्या आणि काका जुन्या सवयीने उजवीकडे गेले, कारण असे पक्षी नेहमी उतारावर असतात. पक्षी उडाला. मग दोघांचं चांगलंच वाजलं. काका म्हणाले, मी इतकी वर्षं या जंगलात येतोय. काकू म्हणाल्या, या वर्षी एकटेच यायचं होतंत. नंतर बराच वेळ दोघं एकमेकांशी बोलली नाहीत आणि काकूंच्या बुटात पाणी गेलं.

बोलायला लागल्या त्या काकूच, आणि अगदी दबक्या आवाजात.

"अहो. काचेवर सुई ओढल्यासारखं. पण दात शिवशिवत नाहीत असं."

काका जागच्या जागी उभे राहिले. हे वर्णन कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. 

"कुठे?"

काकूंनी डोळे मिटले. त्यांनी काकांची बाही धरली आणि त्यांना धुक्यातून एका झाडाकडे वळवलं. वर, म्हणाल्या. अजून वर. आता खाली उतरला. खोडाच्या अलीकडे. या वेळी काका त्या म्हणतील तसे वळले. उताराचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. दुर्बीण न लावता त्यांनी सरळ कॅमेराच डोळ्याला लावला आणि सुयांच्या गर्दीत शोधू लागले. हिरवं, काळं, हिरवं, आणि मग एकदम जरीची बारीक रेघ.

सोनपट्टी एका बाहेर आलेल्या डहाळीवर बसला होता. एरवी क्षणभर न टिकणारा तो जीव तिथे टिकला, कारण तो गात होता. चोच उघडली होती. गळ्यावरची बारीक पिसं फुलली होती आणि शेपटीच्या टोकापर्यंत सगळं अंग थरथरत होतं. काकांना काहीही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तो आवाज डोळे मिटून ऐकला होता, आणि डोळे उघडून शोधेपर्यंत तो गप्प होऊन दुसरीकडे गेलेला असे. एवढ्याशा आवाजाला त्याचं सगळं अंग लागतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चोच मिटली. पुन्हा उघडताना दिसली, तशी काकांनी डाव्या हाताची बोटं हळूच वर केली.

"आता?"

"हो, आता," काकू कुजबुजल्या.

मिटली, बोटं खाली. उघडली, बोटं वर. काकू प्रत्येक वेळी हो म्हणत गेल्या. मग फांदी हलली आणि तिथे कोणी नव्हतं.

"आला का फोटो?" काकूंनी विचारलं.

काकांनी कॅमेरा खाली घेतला. त्यांच्या तोंडाकडे बघून काकूंना काय ते कळलं. त्यांनी बटण दाबलंच नव्हतं. काकू तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या, की त्यांना झाडाला टेकावं लागलं. भिजले बूट, सकाळभराची पायपीट, आणि एवढी मोठी लाइन जोडून दिली, तर माणूस रिसीव्हर उचलून नुसता हं हं करत राहिला. काकाही हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. दोघं तिथेच ओल्या खडकावर बसली, थर्मासमधला चहा प्यायली, आणि चहा संपायच्या आत काकूंनी कप खाली ठेवून बोट वर केलं. या खेपेला काकांनी बटण दाबलं. एकदा नाही, बोट दुखेपर्यंत दाबलं.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या लांब टेबलाशी कॅमेरा हातोहात फिरला. फोटोत एक सुई शेपटीला आडवी आली होती, पण डोळा, चोच आणि ती जरीची रेघ अशी होती, की दाराशी उभं राहूनही दिसली असती. मंडळींनी वाहवा केली. मग दातांच्या डॉक्टरांनी अडखळत विचारलं, की काका, तुम्हाला हा सापडला कसा? सगळे पुन्हा अंगणातल्यासारखे गप्प झाले.

"मला तो आता ऐकू येत नाही," काका म्हणाले. गिऱ्हाइकाला त्याचा नंबर सांगावा तितक्या सरळ आवाजात. "हिला येतो. हिने दाखवला."

 मग केमिस्टबाई खुर्ची ओढून काकूंजवळ सरकली आणि म्हणाली, काकू, उद्या तुम्ही आमच्याबरोबर पुढे चालाल का? आम्हाला आज सकाळपासून एकही धड दिसलेला नाही.

"नाही जमणार," काकूंच्या आधी काकाच म्हणाले. "उद्या आम्हाला ओढ्याकडे जायचंय."

सगळे हसले. काकूंनी टेबलाखाली बूट काढून मोजे पिळले आणि म्हणाल्या, ओढ्याकडे येते, पण पाण्याची बाटली तुम्ही घ्यायची आणि डावीकडे म्हटलं की डावीकडे.